फोटो गेले, तरी गाडी जुळली: पद्मिनीचं इंटिरियर आणि दान्ते जाकोझा

गाडी सुटी करताना मी ४१२ फोटो काढले होते. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वायर, प्रत्येक क्लिप. काढण्याआधी एक फोटो, काढल्यावर एक. मग रंगाचं काम चालू असताना फोन पावसात भिजला आणि बंद पडला तो पडलाच. बॅकअप? स्टोरेज भरलं म्हणून मीच बंद करून ठेवला होता. रोज टेक्नॉलॉजीवर लिहिणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे, तेव्हा खुशाल हसा.

हातात उरलं ते एवढंच: आजोबांची १९७९ची प्रीमियर पद्मिनी, बाहेरून नवा रंग, आतून पूर्ण रिकामी. शेजारी तीन गोणी आणि दोन पत्र्याचे डबे भरून सामान. कुठला स्क्रू कुठला, काही पत्ता नाही.

आणि मुदत होती सहा आठवड्यांची. माझी आजी ८४ वर्षांची. तिच्या धाकट्या भावाचं सहस्रचंद्रदर्शन वाईला होतं आणि तिला माहेरी जायचं होतं. काकांच्या एसयूव्हीत तिला चढता येत नाही. माझ्या छोट्या गाडीत ती खाली बसते, पण गुडघे तिला उठू देत नाहीत. पद्मिनीत मात्र ती वर्षानुवर्षं खुर्चीत बसावं तशी बसायची. मी शब्द देऊन बसलो होतो.

जुनी पार्टलिस्ट शोधली, ओळखीच्या गॅरेजमध्ये विचारलं. थोडंफार कळलं. पण खरी मदत झाली ती भलतीकडून. ही गाडी मुळात कोणी डिझाइन केली हे वाचायला बसलो आणि दान्ते जाकोझा भेटला. त्याचं आयुष्य वाचता वाचता गाडीतला एकेक तुकडा कुठे आणि का, हे डोक्यात बसत गेलं. म्हणून या लेखात दोन्ही सांगतो: तो माणूस, आणि त्याने आखलेली गाडी आतून परत कशी जुळवली.

पत्र्याचा डबा आणि वजनाचा हिशेब

जाकोझाचा जन्म ३ जानेवारी १९०५चा, रोममधला. घराणं मूळचं उत्तर इटलीतल्या पीडमाँट भागातलं. तुरिनच्या पॉलिटेक्निकमधून १९२७ मध्ये तो इंजिनियर झाला, सक्तीची लष्करी सेवा केली आणि १९२८ मध्ये फियाटमध्ये लागला.

तेव्हाचा फियाटचा लिंगोतो कारखाना म्हणजे एक अजब प्रकार होता. पाच मजली इमारत. कच्चा माल तळमजल्यावर आत जायचा, गाडी मजल्यामागून मजला वर चढत तयार व्हायची आणि तयार गाडीची चाचणी थेट गच्चीवर! गच्चीवर चक्क गाड्या पळवायचा ट्रॅक होता.

पण नव्या पोराला लगेच कार मिळाली नाही. आधी लष्करी वाहनं, मग विमानाच्या इंजिनांचा विभाग. आता विमानात फुकटचा एक किलोही चालत नाही. प्रत्येक भागाला विचारावं लागतं की बाबा तू इथे का आहेस? पुढे चाळीस वर्षं जाकोझाने मोटारींना हाच प्रश्न विचारला.

माझ्यासमोर होता रंगवलेला रिकामा डबा. इंटिरियर बसवताना सगळ्यात आधी काय येतं? जे शेवटी कुणालाच दिसत नाही ते. म्हणजे आवाज दाबणाऱ्या डांबरी शीट आणि वायरिंग.

शीट कशाला? पातळ पत्रा ढोलकीच्या पानासारखा थरथरतो. त्यावर जड, चिकट थर बसवला की थरथर तिथेच जिरते. शीट हीट गनने थोडी गरम करायची आणि हाताने दाबत पत्र्याच्या खाचाखोचांत बसवायची. मला वाटलं, दोन थर लावू, गाडी एकदम शांत होईल. मग आठवलं की इंजिन आहे १०८९ सीसीचं, जेमतेम ४० अश्वशक्तीच्या आसपास. उगाच वजन चढवलं तर घाटात तेच ओढायचं. एकच थर लावला. एक सूचना: सीटच्या बोल्टची भोकं आणि पाणी जायची भोकं झाकू नका. मी दोन झाकली होती, नंतर खिळ्याने टोचत शोधावी लागली.

त्यावर वायरिंग. हे आताच करायचं, कारण नंतर वायर ओढायची तर छत, डॅशबोर्ड, कार्पेट सगळं परत उचकटावं लागतं. वायरी टाकल्या की बॅटरी जोडून प्रत्येक दिवा पेटतो का बघायचा. आणि मगच पुढे.

५००० लिरांची गाडी

१९३४ मध्ये जाकोझा २९ वर्षांचा होता. फियाटचे सर्वेसर्वा जोव्हानी आन्येल्ली यांना एक गाडी हवी होती. सामान्य इटालियन माणसाला परवडेल अशी, किंमत ५००० लिरा. जाकोझाचे वरिष्ठ आंतोनिओ फेसिया यांनी हे काम त्याच्याकडे दिलं. त्याने तोवर एकही अख्खी कार डिझाइन केलेली नव्हती.

एक अट आधीच पडलेली होती. काही वर्षांपूर्वी फियाटमध्येच पुढच्या चाकांवर चालणारी एक छोटी गाडी बनवून बघितली होती. आन्येल्ली स्वतः आत बसलेले असताना तिने पेट घेतला. झालं, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं नाव काढायचं नाही! म्हणजे इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि मधून जाणारा लांब दांडा. लहानशा गाडीत जागा खाणारी हीच रचना.

मग जागा आणायची कुठून? त्याने इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे सरकवलं आणि रेडिएटर इंजिनाच्या मागे, थोडा वर ठेवला. फायदा दुहेरी झाला. माणसांसाठी जागा मोकळी झाली, आणि गरम पाणी आपोआप वर चढत असल्यामुळे पाणी फिरवणारा पंपच लागला नाही. टाकीही अशी उंचावर की पेट्रोल स्वतःच खाली उतरतं, म्हणजे पेट्रोलचा पंपही गेला. जो भाग गाडीत नाही तो बिघडत नाही, त्याचं वजन नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

१९३६ मध्ये ही फियाट ५०० बाजारात आली. किंमत ८९०० लिरा, म्हणजे ५००० चं स्वप्न काही पुरं झालं नाही. तरी लोकांनी तिला डोक्यावर घेतलं आणि नाव ठेवलं तोपोलिनो. मिकी माउसला इटालियनमध्ये हेच म्हणतात. १९५५ पर्यंत तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मिळून ५ लाखांच्या वर गाड्या बनल्या.

यातून मला जाकोझाची पद्धत कळली. आधी माणसं बसवायची, मग उरलेल्या जागेत यंत्र कोंबायचं. गोणीतला एखादा तुकडा हातात घेऊन कळेनासं झालं की मी विचारायचो: हा माणसासाठी आहे की यंत्रासाठी? निम्मी कोडी तिथेच सुटायची.

छत आधी, काच नंतर

१९३७ मध्ये त्याच्या हाताखाली ११०० नावाची गाडी तयार झाली. इंजिन १०८९ सीसी. आकडा ओळखीचा वाटला ना? माझ्या पद्मिनीचा हाच आकडा. बेचाळीस वर्षांनी, अर्ध्या जगापलीकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या गाडीत तेच माप होतं.

मग १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी ११०० आली, आतल्या नावाने १०३. पद्मिनीची खरी पणजी ती. तिच्यातला मोठा बदल म्हणजे मोनोकॉक बॉडी.

म्हणजे काय? जुन्या गाड्यांत खाली शिडीसारखा जड सांगाडा असायचा आणि वर बॉडी ठेवलेली असायची. मोनोकॉकमध्ये सांगाडा वेगळा नसतोच. काडेपेटीचं बाहेरचं खोकं बघा. नुसता पातळ कागद, पण चारही बाजू जोडलेल्या असल्यामुळे ताठ उभं राहतं. एक बाजू कापा, लगेच लेचंपेचं. तसंच छत, फरशी, खांब, पुढचा पत्रा, सगळे मिळून गाडी तोलून धरतात.

आता माझी कबुली. माझ्या डोक्यात नऊ इंची टचस्क्रीन होती. ऑर्डरही दिली होती. त्यासाठी पद्मिनीचा पत्र्याचा डॅशबोर्ड मधोमध कापायचा होता. बाबांना हे अजिबात पसंत नव्हतं, आणि त्यावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता. मोनोकॉक समजल्यावर मी कटर खाली ठेवला. एवढ्याशा भोकाने गाडी मोडून पडली असती असं नाही. पण जिथे प्रत्येक पत्र्याला काम दिलेलं आहे, तिथे नुसत्या हौसेसाठी कापायचं मला धाडस होईना. कापलेलं परत जोडता येत नाही हेही खरं. स्क्रीन परत पाठवली. आता तिथे साधा फोन होल्डर आहे. बाबा बोलायला लागले.

छत बसवताना मी पहिली मोठी चूक केली. गाडीत धूळ जाते म्हणून आधी पुढची-मागची काच बसवून टाकली. दोन तास घाम गाळला. मग आमच्या पेठेतले कुशनवाले चाचा आले, बघितलं आणि शांतपणे म्हणाले की काच काढा. कारण छताच्या रेक्झिनची पुढची आणि मागची कड काचेच्या रबराखाली दाबली जाते. आधी छत, मग काच. फोटो असते तर हे मला दिसलं असतं.

छताचं रेक्झिन अंगावर घ्यायच्या चादरीसारखं नुसतं चिकटवत नाहीत. त्याला मागून शिवलेल्या नळ्या असतात, त्यांतून वाकवलेल्या लोखंडी काड्या जातात आणि काड्यांची टोकं छताच्या कडेच्या भोकांत बसतात. माझ्याकडे पाच काड्या होत्या, पाचही निरनिराळ्या लांबीच्या. कुठली कुठे? चाचांनी त्या जमिनीवर मांडल्या. छत मध्यभागी रुंद, पुढे-मागे निमुळतं. काड्यांचा बाक बघत गेलो तर क्रम आपोआप लागला.

रेक्झिन आधी अर्धा तास उन्हात पसरायचं, म्हणजे ते मऊ पडतं आणि ताणलं जातं. मध्यापासून कडेकडे ताणत जायचं, सोल्युशन लावून चिमटे लावायचे. सुरकुती राहिली तर तिथलंच सोडून परत ताणायचं.

मग काच, दोरीच्या युक्तीने. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या आतल्या खाचेत साबणाच्या पाण्यात भिजवलेली मजबूत दोरी घालायची. एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. पहिल्यांदा बघाल तर जादूच वाटेल.

हातात आलेलं स्टीअरिंग

मधे युद्ध झालं. तुरिनवर बाँब पडत होते, मोटारींचं काम जवळपास थांबलं. युद्धाच्या शेवटी-शेवटी जाकोझाने फियाटची नोकरी सांभाळून, फावल्या वेळात एका उद्योजकासाठी छोटी रेसिंग कार आखली. उद्योजकाचं नाव पिएरो दुसिओ, गाडीचं नाव चिसितालिया डी ४६. पैसा नव्हता, सुटे भाग नव्हते. म्हणून त्याने चक्क साध्या ११००चे भाग वापरले. रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन, नळ्यांचा हलका सांगाडा, आणि झाली रेसिंग कार.

सप्टेंबर १९४६ मध्ये तुरिनच्या शर्यतीत ती पहिल्यांदा उतरली आणि दुसिओच जिंकला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो ताझिओ नुव्होलारी. शर्यत चालू असताना त्याचं स्टीअरिंग व्हील निखळून हातात आलं! तो ते व्हील उंचावून दाखवत, उरलेला दांडा धरून गाडी चालवत आला.

स्टीअरिंग बसवायची वेळ आली तेव्हा ही गोष्ट माझ्या डोक्यात होती. आधी पुढची चाकं सरळ करायची, मग व्हील खाचांवर सरळ बसवायचं, मधला नट पूर्ण कसायचा आणि तो कसला आहे हे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं. मी बाबांना तीनदा तपासायला लावलं.

आणि पद्मिनीचा गिअर? स्टीअरिंगच्या दांड्याला जोडलेला, हाताशी. आजच्या पोरांना तो विचित्र वाटतो. पण गिअरची कांडी जमिनीतून वर आली नाही, की समोर बाकासारखी सलग सीट टाकता येते आणि मधेही एकजण बसू शकतो. आधी माणसं, हाच हिशेब.

इंटिरियरवर पैसे वाचवले, आणि गाडी आपटली

१९५५ मध्ये जाकोझाची फियाट ६०० आली. जेमतेम सव्वातीन मीटर लांबी आणि चार माणसं. यावेळी इंजिन मागे टाकलं, म्हणजे लांब दांड्याचा प्रश्नच मिटला. पुढच्याच वर्षी तिची मल्टिप्ला नावाची बहीण आली. सुमारे साडेतीन मीटरमध्ये सहा माणसं, तीन रांगांत! ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकांवर बसायचा. सीट घडी घालून झोपायची सोयही होती. इटलीत ती टॅक्सी म्हणून खूप चालली.

मग जुलै १९५७ मध्ये नवी ५००. तीन मीटरपेक्षाही लहान, मागे ४७९ सीसीचं दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन. स्कूटरवर फिरणाऱ्या इटालियन कुटुंबाला चार चाकांवर आणायचं होतं. किंमत खाली ठेवायची म्हणून आतलं सगळं तासून काढलं. दाराच्या काचा खालीवर होत नव्हत्या. मागे धड सीट नव्हती. कागदावर हिशेब बरोबर होता. लोकांनी गाडी बघितली, आत बसले आणि उठून गेले. विक्री मंदावली.

फियाटने काही महिन्यांतच गाडी सुधारली. खालीवर होणाऱ्या काचा दिल्या, मागे बसायला सीट दिली आणि आधी गाडी घेतलेल्यांना काही रक्कमही परत केली. आकार तोच. त्यानंतर मात्र तिने मागे वळून पाहिलं नाही. १९५९ मध्ये तिला इटलीतला डिझाइनचा मानाचा पुरस्कार मिळाला, कोंपासो दोरो. १९७५ पर्यंत ३८ लाखांहून जास्त गाड्या बनल्या.

माझ्या मते जाकोझाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा हा आहे. वजन कापा, भाग कापा, पण माणूस जिथे टेकतो तिथे कापू नका.

दारं बसवताना हे जाणवलं. दाराचं पॅड म्हणजे हार्डबोर्डवर चढवलेलं रेक्झिन, क्लिपांनी दाबलेलं. पण त्याच्या मागे प्लॅस्टिकचा एक कागद असतो, जो आमच्या गाडीत कधीचा फाटून गेला होता. तो कशाला? पाऊस पडला की काचेवरचं पाणी दाराच्या आत उतरतंच, ते थांबवता येत नाही. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जावं अशी योजना असते. मधला कागद नसेल तर तेच पाणी हार्डबोर्डला लागतं आणि पॅड पापडासारखं फुगतं. जाड प्लॅस्टिक दाराच्या मापाने कापलं, कडा चिकटवल्या, खालची कड दाराच्या आत सोडली. मग पॅड, मग काचेचं हँडल आणि त्यातली छोटी पिन. पिन बसवण्याआधी काच पूर्ण वर-खाली करून बघायची, नाहीतर हँडल मांडीला लागेल अशा जागी थांबतं.

मधला उंचवटा

पद्मिनीत मागे बसलात तर पायांत मधोमध एक उंचवटा येतो. त्याखालून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा जातो. कार्पेट बसवताना सगळ्यात जास्त छळतो तो हाच. सपाट कार्पेट त्यावर घातलं की घड्या पडतात. उपाय म्हणजे उंचवट्याचा तुकडा वेगळा कापायचा, आधी तो बसवायचा, मग डावा-उजवा भाग त्याच्या कडांवर आणायचा.

हा उंचवटा जाकोझालाही आयुष्यभर सलत होता. आन्येल्लींच्या त्या बंदीनंतर तीस वर्षांनी, १९६४ मध्ये, त्याला मनातलं करता आलं. तेही फियाटच्या नावाने नाही, तर आउतोबियांकी या छोट्या कंपनीच्या प्रिमुला गाडीतून. फसलं तर फियाटचं नाव खराब होऊ नये, असा हिशेब.

१९५९ मध्ये इंग्लंडच्या मिनीने इंजिन आडवं ठेवून पुढची चाकं फिरवून दाखवली होती. पण तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली होता आणि दोघांचं ऑइल एकच. जाकोझाने गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, एका रांगेत ठेवला. त्यामुळे चाकांकडे जाणारे दोन दांडे कमी-जास्त लांबीचे झाले, पण दुरुस्ती सोपी झाली आणि ऑइल वेगळं राहिलं. १९६९ मध्ये हीच रचना फियाट १२८ मध्ये आली आणि ती युरोपात १९७०ची सर्वोत्तम कार ठरली.

तुमच्या घरी हॅचबॅक असेल तर बॉनेट उघडून बघा. आडवं इंजिन, शेजारी गिअरबॉक्स, पुढच्या चाकांना ओढ. बहुतेक छोट्या गाड्या आज अशाच असतात. फोनमध्ये जसं आतलं सगळं सरकवून बॅटरीला जागा करतात, तसं त्याने यंत्र एका कोपऱ्यात सरकवून माणसाच्या पायांना जागा केली.

सीट, आणि सहा दिवस

सीट सगळ्यात शेवटी. बाकी सगळं झाल्याशिवाय नाही, कारण एकदा सीट आत गेली की हालचालीला जागाच उरत नाही.

मी हुशारी केली होती. सीटमधला जुना काथ्या काढून टाकून जाड, मऊ फोम भरून घेतला होता. दिसायला झकास! आजीला बसवून बघितलं. ती आत गेली, खाली रुतली आणि तिला उठता येईना. बाबांनी आणि मी हात धरून बाहेर काढलं. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली की तुम्ही जाऊन या, मी फोनवर बघेन. कार्यक्रमाला सहा दिवस राहिले होते.

नव्या ५००चं जे झालं, तेच मी केलं होतं. बाकी सगळं बरोबर आणि जिथे माणूस टेकतो तिथेच चूक.

चाचांकडे गेलो. त्यांनी जुन्या स्प्रिंगा फेकल्या नव्हत्या. दोन तुटलेल्या बदलल्या. स्प्रिंगांवर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, त्यावर फोमचा पातळ थर, मग रेक्झिन, आणि खालून तारेच्या कड्यांनी ताणून बांधलेलं. काथ्या दबतो, पण रुतत नाही. उंची किती ठेवायची? फोटो नव्हते, माप नव्हतं. शेवटी घरातली आजीची रोजची खुर्ची, जिच्यावरून ती कुणाच्या मदतीशिवाय उठते, ती मोजली. आजी बसल्यावर सीट दबून तेवढ्याच उंचीवर यावी, असं ठरवून काथ्या भरला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सीटचे बोल्ट कसले. आजी दार उघडून स्वतः बसली. स्वतः उठली. परत बसली.

शेवटचं थोडं

जाकोझा १९७० मध्ये निवृत्त झाला. इंजिनांवर त्याने पाठ्यपुस्तक लिहिलं, फियाटमधल्या चाळीस वर्षांवर एक पुस्तक लिहिलं, आणि ३१ मार्च १९९६ रोजी तुरिनमध्ये तो गेला. त्याच्या ११०० चं भारतातलं आयुष्य मात्र चालूच होतं. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीने १९६४ पासून ती ११०० डिलाइट म्हणून बनवली, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी असं समीकरणच बनलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर, शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

तुम्हीही जुनं काही उघडणार असाल, गाडी असो की रेडिओ, तर माझ्याकडून एवढं घ्या:

- फोटो काढा आणि त्याच रात्री बॅकअप घ्या. एक प्रत फोनबाहेर हवीच.
- प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा, वर कागदावर नाव लिहा. कागद भिजला तर वाळवता येतो.
- बसवायचा क्रम: शीट, वायरिंग, छत, काचा, डॅशबोर्ड आणि स्टीअरिंग, दारं, कार्पेट, सीट.
- कापण्याआधी थांबा. लावलेलं काढता येतं, कापलेलं जोडता येत नाही.
- जुना भाग फेकण्याआधी तो तिथे का होता हे शोधा.

साताऱ्याहून वाई पस्तीसेक किलोमीटर. पाचवडला डावीकडे वळलो तेव्हा आजीने काच खाली करायला सांगितली. मी हात पुढे करायच्या आत तिने स्वतःच हँडल फिरवलं. न बघता. ते जुन्याच जागी होतं.

घरी आल्यावर डब्यात एक स्क्रू उरलेला सापडला. तो कुठला हे मला अजून कळलेलं नाही.